आजारी लेथ आणि रुसूबाई

मी लोकांना नापास करण्याचं काम करतो, आणि तेही फुकट. निवृत्तीनंतर आमच्या बॉबलिंगेनमधले बाकीचे मराठी म्हातारे नातवंडं सांभाळतात, ढोल-ताशा पथकाला पाणी पुरवतात किंवा भारतात फ्लॅट घ्यावा की नाही यावर वाद घालतात. मी परीक्षक झालो. माझी बायको सुनंदा हिचं म्हणणं असं, की यात समाजसेवा वगैरे काही नाही. इतकी वर्षं कारखान्यात लोकांवर खेकसायची सवय जडलेली, घरी खेकसायला तिच्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणून हा उद्योग. "अहो, यांचं ऐकून घ्यायला मी एकटीच उरले होते. ती परीक्षा मिळाली आणि माझी सुटका झाली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, माझ्या देखत.

आधी हे काम काय असतं ते सांगतो. जर्मनीत कागदाशिवाय पान हलत नाही. केस कापायला कागद, पाव भाजायला कागद, नळ दुरुस्त करायला कागद. कागदाशिवाय इथे माणूस फक्त मरू शकतो, आणि तेव्हाही पाठीमागे राहिलेल्यांना कागद करावे लागतातच. आता पूर्वेकडच्या ज्या देशांत जुनी लाल राजवट कोसळली, तिकडे एका पिढीच्या आयुष्यात कारखाने बंद पडले, कारखान्यांना जोडलेल्या शाळा बंद पडल्या आणि शाळांबरोबर त्यांच्या नोंदींची दप्तरंही गेली. तिथून येणारी माणसं दोन प्रकारची. काहींच्या हातात कसब आहे पण खिशात कागद नाही. काहींच्या खिशात कागदांची चळत आहे आणि हात कोरे. कोण कुठला, हे ठरवायला इथल्या लोकांनी एक परीक्षा काढली आहे. तिचं जर्मन नाव एका श्वासात म्हणून होत नाही, म्हणून आमच्या घरी तिला 'हाताची परीक्षा' म्हणतात.

माझा विषय लेथ. लोखंडाची कांब फिरवायची, तिला धारदार हत्यार टेकवायचं आणि पाहिजे त्या मापाची वस्तू कातून काढायची, एवढंच ते यंत्र. कुंभाराचं चाक आडवं केलं आणि मातीच्या जागी पोलाद घेतलं की लेथ झाला. उमेदवाराला एक लेथ, एक ड्रॉइंग, लोखंडाचे दोन तुकडे आणि साडेचार तास मिळतात. त्यात त्याने एक खीळ आणि ती जिच्यात बसेल अशी एक बुश, म्हणजे आखूड पोकळ नळी, करून द्यायची. आम्ही दोन परीक्षक खुर्च्या टाकून बघत बसतो. आम्ही बोलायचं नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. जिवाला धोका असेल तरच उठायचं. कोल्हापूरच्या माणसाला साडेचार तास गप्प बसवणं ही खरी कोणाची परीक्षा आहे, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

दुसरे परीक्षक हेर ब्योमे. हेर म्हणजे गुप्तहेर नव्हे, जर्मन भाषेतलं श्रीयुत. हे साक्सनीचे, म्हणजे पूर्वीच्या पूर्व जर्मनीतले. त्यांना गप्प बसायचा त्रास होत नाही, कारण ते एरवीही बोलत नाहीत. बर्लिनची भिंत पडली तेव्हा ते एका मोठ्या मशीन कारखान्यात मास्टर, म्हणजे मुख्य कारागीर, होते. कारखाना कोणीतरी विकत घेतला आणि लगेच बंद केला. मग एम्प्लॉयमेंट ऑफिसने या मास्टर माणसाला 'नोकरीचा अर्ज कसा लिहावा' या कोर्सला सहा वेळा बसवलं. सहाही वेळा प्रमाणपत्र मिळालं. ती सहा प्रमाणपत्रं त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटांत घालून नीट फाइल करून ठेवली आहेत. मला एकदा दाखवली. मी हसलो. ते हसले नाहीत.

आमच्याकडे येणारे नग काही विचारू नका. अल्बेनियातून एक तरणाताठा मुलगा आला होता. मेकॅट्रॉनिक्स की कसलासा भारी डिप्लोमा, सोनेरी शिक्का, खाली तीन सह्या. लेथसमोर उभा राहिला आणि यंत्राकडे असा बघायला लागला की जणू लग्नाच्या गर्दीत ओळखीचा माणूस शोधतोय. अर्ध्या तासाने हळूच म्हणाला, "चौदा नंबर कुठे आहे?" नंतर उलगडा झाला. त्याच्या शाळेतले सगळे लेथ भंगारात गेले होते, उरला होता तो भिंतीवरचा तक्ता. त्या तक्त्यावर लेथच्या बत्तीस भागांना नंबर दिलेले. पोराने तीन वर्षं तो तक्ता तोंडपाठ केला होता. कोणताही नंबर विचारा, नाव, काम, उपयोग सगळं घडाघडा सांगायचा. फक्त खरा लेथ त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितला तो आमच्या परीक्षेत, आणि त्यावर नंबर नव्हते.

जॉर्जियाचे एक गृहस्थ आले ते लोणच्याची भलीमोठी बरणी घेऊन. बरणी माझ्यापुढे ठेवली, छातीवर हात ठेवून मान लववली आणि कामाला लागले. मी लालबुंद! मला लाच? त्यांच्याकडे म्हणे मास्तरांचे पगार महिनोन्महिने होत नसत. मग पोरं परीक्षेला जाताना घरून काहीतरी घेऊन जात. लोणचं, कोंबडी, थंडीत सरपण. मास्तर जगले पाहिजेत ना! या गृहस्थांना परीक्षेला रिकाम्या हाताने जाणं हा उद्धटपणा वाटत होता. माणूस कामाला चोख निघाला, पास झाला. पण बरणीचं काय करायचं? हेर ब्योमे नियमाला पक्के. त्यांनी अहवालात लिहिलं, 'परिशिष्ट ३ : काकडीचं लोणचं, एक बरणी, न उघडलेली.' आठवड्याने मुख्य कचेरीचं पत्र आलं, 'परिशिष्ट ३ जोडलेलं आढळलं नाही, कृपया स्कॅन करून पाठवावं.' आम्ही बरणीचा फोटो पाठवला. उलट उत्तर आलं, की दस्तऐवज वाचता येत नाही.

असे किस्से मी इथल्या गणपतीत रंगवून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. पण या लेखासाठी बसलो तेव्हा सुनंदा म्हणाली, "सगळं लिहा. दुसऱ्यांच्या फजित्या सांगता, तशी स्वतःचीही सांगा. रुसूबाईंचं लिहा." म्हणून लिहितो.

फ्राउ, म्हणजे श्रीमती, रुसू मोल्दोवाच्या. आडनाव रुसू असलं तरी बाई रुसणाऱ्यातल्या नव्हत्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने थोराड, केस काळे केलेले आणि मुळाशी पांढरे. परीक्षेच्या आधी उमेदवाराशी कामाबद्दल बोलायचं असतं. तेव्हा बाईंनी आपली कथा सांगितली. पंधराव्या वर्षी पंपांच्या कारखान्याच्या शाळेत गेल्या, तीन वर्षं शिकल्या, मग त्याच कारखान्यात लेथवर उभ्या राहिल्या. देश बदलला. कारखान्यात पगाराऐवजी पंप मिळायला लागले. बाई आठवड्यातून एकदा बाजारात दोन पंप घेऊन बसत, पण सगळा गाव त्याच कारखान्यातला, प्रत्येकाच्या पुढ्यात दोन-दोन पंप. घेणार कोण? मग कारखाना गेला. शाळेच्या इमारतीत लग्नाचा हॉल झाला, आणि शाळेचं दप्तर एका कडक हिवाळ्यात चौकीदाराच्या शेगडीत गेलं. बाईंनी पोलंडमध्ये सफरचंदं तोडली, इटलीत एका म्हातारीला सांभाळलं आणि आता बॉबलिंगेनच्या एका हॉटेलात खोल्या साफ करत होत्या. मुलगी तिकडे, मॅनेजमेंटची पदवीधर, मोबाइलची कव्हरं विकते.

सिंडेलफिंगेनच्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाने बाईंना लेथवर घ्यायचं कबूल केलं होतं, पण कागद आणा म्हणाला. राहण्याच्या परवान्याची मुदतही त्याच कागदावर अडकलेली. कागद मिळाला तर टर्नर म्हणून इथे राहता येणार, नाही तर मुदत संपली की परत. आणि आमच्याकडे परीक्षेला दोनच संधी.

बाईंचं जर्मन सगळं हॉटेलात शिकलेलं. त्यांना टॉवेल, चादर, उशी, पाहुणा, चेक-आउट एवढेच शब्द येत. पहिल्या परीक्षेच्या दिवशी त्यांनी लेथभोवती एक चक्कर मारली, हँडल इकडे-तिकडे फिरवून पाहिलं, हत्यार जिच्यावर बसतं त्या स्लाइडला हाताने ढकललं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हेर पाटील, मशीन आजारी. चादर सैल. पाहुणा हलतो."

मला हसू आवरेना. नियमाप्रमाणे चेहरा कोरा ठेवायचा, तो कसाबसा ठेवला आणि म्हणालो, "कृपया सुरू करा." बाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग खांदे उडवले आणि सुरू केलं. माप काढलं तर खीळ कुठे जाड, कुठे बारीक. बुशमध्ये अर्धी गेली आणि अडकली. नापास. शेऱ्यात मी झोकात लिहिलं, 'हात स्थिर नाही. तांत्रिक भाषा अपुरी.' घरी येऊन जेवताना सुनंदाला चादरीचा किस्सा सांगितला. तीही हसली, पण मग म्हणाली, "अहो, पण सैल होती का?"

"काय?"

"चादर."

मी म्हणालो, "तू भाजी वाढ."

दुसरी परीक्षा पाच महिन्यांनी. तोच लेथ. प्रत्येक परीक्षेआधी परीक्षकाने एक तपासणी-तक्ता भरायचा असतो. चौदा ओळी, प्रत्येकीपुढे चौकोन. स्लाइडला ढिलेपणा आहे का, तेल आहे का, दिवा लागतो का. नीट तपासायला अर्धा तास तरी जातो. मी काय करत होतो सांगतो. कॉफीच्या यंत्रापाशी उभा राहून चौदाही चौकोनांत बरोबरच्या खुणा करत होतो आणि खाली सही ठोकत होतो. किती दिवस? विचारू नका. जर्मन यंत्र, जर्मन संस्था, त्याला काय होतंय?

बाई आल्या त्या भली मोठी हँडबॅग घेऊन. आठ वाजता हेर ब्योमेंनी घड्याळ सुरू केलं. बाईंनी या खेपेला माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मेन स्विच बंद केला. बॅगेतून एक कुलूप काढलं, स्विचला लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. मग बॅगेतून पाने आले, स्क्रूड्रायव्हर आला, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं, बारीक हालचाल मोजणारं डायल गेज आलं, निळ्या शाईची डबी आली आणि लाकडी मुठीचा स्क्रेपर आला. आणि या बाईने आमच्या डोळ्यांदेखत, भर परीक्षेत, लेथची स्लाइड उघडायला घेतली!

मी खुर्चीतून अर्धा उठलो. हेर ब्योमेंनी नियमांचं पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. जिवाला धोका असेल तरच उठावं. यंत्र बंद, वर कुलूप, किल्ली बाईंच्या गळ्यात. इतका सुरक्षित उमेदवार आमच्याकडे कधी आला नव्हता. मी बसलो.

खरं तर इथे असं काही करायची गरजच नव्हती. यंत्रात दोष वाटला तर उमेदवाराने दोन ओळींचा फॉर्म भरायचा, परीक्षा तिथेच थांबते आणि नवी तारीख मिळते, संधी वाया जात नाही. हा फॉर्म भिंतीवरच्या पाकिटात होता. पण फॉर्म भरला की कोणीतरी येऊन यंत्र नीट करून देतं, यावर रुसूबाईंनी का विश्वास ठेवावा? त्यांच्या कारखान्यात आधीच्या पाळीने यंत्र मोडून ठेवलेलं असे, सुटा भाग मिळत नसे, मेकॅनिक पंप विकायला बाजारात बसलेला असे. ज्याचं यंत्र त्याने दुरुस्त करायचं, मग काम करायचं. आणि तोंडी सांगून तर त्यांनी मागच्या खेपेला बघितलंच होतं. ज्याला सांगितलं तो गाढव समोर खुर्चीवर बसला होता.

बाईंनी डायल गेज लावलं आणि स्लाइड हाताने हलवली. मी बसलो होतो तिथून तबकडी स्वच्छ दिसत होती. काटा भसकन पळाला. लेथवर जिथे केसाच्या जाडीचे तुकडे मोजतात, तिथे काटा अर्धी तबकडी फिरून आला. ड्रॉवर खिळखिळा असला की ओढताना जसा वाकडा होतो, तशी ती स्लाइड हलत होती. म्हणजे हत्यार लोखंडात शिरताना मागे सरकत होतं. अशा लेथवर विश्वकर्मा उभा केला असता तरी खीळ वाकडीच आली असती.

चादर सैल. पाहुणा हलतो. यापेक्षा नेमकं निदान मी स्वतः लिहिलं नसतं, आणि मी काय लिहिलं होतं? हात स्थिर नाही.

कोल्हापूरला उद्यमनगरात आमच्या वडिलांचा एक जुना लेथ होता. त्याची स्लाइड ते दर महिन्याला उघडायचे आणि स्क्रेप करायचे. मी शेजारी निळी शाई घेऊन उभा. पृष्ठभागावर निळा रंग लावायचा, भाग घासून बघायचा, जिथे डाग उठेल तिथे उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. रुसूबाई अगदी तेच करत होत्या, आणि वडिलांपेक्षा सफाईने. हे सगळं मला येत होतं. बाई काय करताहेत हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला कळत होतं? आणि मीच त्यांना नापास केलं होतं. शरमेने मान खाली घालावी तर परीक्षकाने मान हलवायची नाही.

एक तास गेला, दोन गेले. बाई खरवडत होत्या. सूर्य ढगाआड गेला, खोलीत अंधारून आलं. तेव्हा हेर ब्योमे उठले. जिवाला धोका नव्हता. ते शांतपणे लेथपाशी गेले, कोपऱ्यातला उभा दिवा बाईंच्या हाताजवळ आणून लावला आणि परत येऊन बसले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. पुस्तकाच्या त्या पुजाऱ्याने नियम मोडला होता. त्यांनी पेन उघडलं आणि अहवालात लिहिलं, '१०.१० वाजता परीक्षक ब्योमे यांनी दिवा लावला.'

पावणेअकराला स्लाइड परत बसली. काटा आता जागचा हलत नव्हता. बाईंनी कुलूप काढलं, लोखंड चढवलं आणि कातायला घेतलं. असा सलग, चकचकीत कीस मी कितीतरी दिवसांनी पाहिला. खीळ झाली. बुश घेतली, बाहेरून झाली, आतून निम्मी झाली आणि घड्याळ वाजलं. बाईंनी तत्क्षणी यंत्र बंद केलं. एक सेकंद जास्त घेतला नाही. खीळ पुसली आणि माझ्या हातात दिली. मी मायक्रोमीटर लावला. या टोकाला, त्या टोकाला, मधे. तिन्ही ठिकाणी एकच माप.

पण बुश अपुरी. नियमाने नापास, दुसरी संधी संपली.

बाई हात पुसत म्हणाल्या, "आता मशीन निरोगी. पुढचा पाहुणा चांगला झोपेल." आणि बॅग भरून हॉटेलात कामाला निघून गेल्या, दुपारच्या पाळीला. त्यांना बहुधा वाटलं होतं, की सगळं संपलं. संपायच्या आधी निदान आपला हात वाईट नव्हता हे दाखवून जावं, एवढ्याचसाठी त्या आल्या होत्या की काय, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

अहवालात काय लिहायचं? यंत्रात दोष होता असं लिहिलं तर दोन्ही परीक्षा रद्द होतात आणि बाईंना नवी संधी मिळते. पण मग प्रश्न येतो, तक्त्यावर सही कोणाची. एक पळवाट होती. सकाळी तपासलं तेव्हा ठीक होतं, नंतर सैल झालं असेल, असं लिहायचं. हे मला सुचलं हे मी लपवत नाही. मी हेर ब्योमेंना म्हणालो, "आल्झो, म्हणजे, सकाळपासून सैल झालं असू शकतं, नाही का?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "माझा कारखाना बंद करायला तिघं आले होते. यंत्रं बघितली नाहीत. ऑफिसात बसून कॉफी प्यायले आणि यादीवर खुणा केल्या." एवढं लांब भाषण मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

मी लिहिलं. दोन्ही वेळा यंत्र सदोष होतं, दोन्ही वेळा मी न तपासता सही केली. हेर ब्योमेंनी खाली सही केली, आधी प्रत्येक ओळ वाचून.

पंधरा दिवसांनी समितीपुढे बोलावणं आलं. अध्यक्षबाई फ्राउ डॉक्टर लेंत्स चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हेर पाटील, ही सही तुमची?"

"या."

"तपासलं होतं?"

"नाइन."

'हो' आणि 'नाही', एवढ्या दोन जर्मन शब्दांत माझी इतक्या वर्षांची ऐट उतरली. रुसूबाई समोर बसल्या होत्या, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. अध्यक्षबाईंनी त्यांना सांगितलं, की दोन्ही परीक्षा रद्द, नवी परीक्षा होईल, परवान्याच्या कचेरीला तसं पत्र जाईल. शिवाय परीक्षकाविरुद्ध तक्रार करायचा तुम्हाला हक्क आहे, हा घ्या फॉर्म, सहा पानी.

बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि परत सरकवला. "फॉर्म नको," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "याची पण परीक्षा घ्या."

समितीत कोणीतरी खोकलं. हेर ब्योमे, मी शपथेवर सांगतो, हसले. आणि अध्यक्षबाईंनी 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत ते लिहूनही घेतलं! पुन्हा परीक्षक व्हायचं तर हेर पाटील यांनी यंत्र-तपासणीची परीक्षा द्यावी, असा ठराव झाला.

बाईंची नवी परीक्षा दुसऱ्या परीक्षकांनी घेतली. मला आत जायला मनाई होती. सुनंदाने त्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावला आणि मला म्हणाली, "तुमच्यासाठी नाही लावलेला." बाई पास झाल्या, वेळ उरवून. परवानाही झाला. पण सिंडेलफिंगेनच्या वर्कशॉपवाल्याने वाट बघून दुसरा माणूस घेतला होता. आठ महिने. माझ्या एका आळशी सहीपायी त्या बाईने आणखी आठ महिने लोकांच्या चादरी बदलल्या, आणि ठरलेली नोकरीही गेली. याचं मला वाईट वाटतं, आणि ते कुठल्याही फॉर्मवर लिहून कमी होत नाही. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बरं," आणि विषय संपवला.

नोकरी लागली ती भलतीकडेच. आमच्या परीक्षा केंद्रात एकंदर नऊ लेथ. त्या प्रकरणानंतर सगळे तपासले, तर त्यांतले पाच आजारी निघाले. संचालकांनी कपाळावर हात मारला आणि रुसूबाईंना यंत्रांची देखभाल करायला ठेवून घेतलं. आता त्यांचा निळा कोट असतो, त्यावर नावाची पट्टी असते आणि जर्मनमध्ये स्लाइड, स्पिंडल, टेलस्टॉक हे यंत्राच्या भागांचे शब्दही आले आहेत. तरी यंत्र बिघडलं की त्या अजून आजारीच म्हणतात. आता सगळेच म्हणतात.

आणि यंत्र-तपासणीची परीक्षा अर्थातच त्याच घेतात.

मागच्या मंगळवारी माझी झाली. मी नवी पँट घालून गेलो. सुनंदाने डब्यात धपाटे दिले आणि "उगाच शहाणपणा करू नका" असा आशीर्वाद दिला. बाईंनी एका लेथमध्ये मुद्दाम तीन दोष करून ठेवले होते. मला डायल गेज दिलं, घड्याळ लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. चेहरा असा कोरा, की माझ्या साऱ्या परीक्षकगिरीत मला तसा कधी जमला नाही. मी वाकलो, घासलो, चाचपलो, गुडघ्यांवर बसलो, तेलाने हात माखून घेतले. एक दोष पहिल्या दहा मिनिटांत सापडला. दुसरा शेवटी शेवटी. घड्याळ वाजलं.

"दोन," मी म्हणालो.

"तीन," बाई म्हणाल्या. "फेल."

मी मुकाट्याने हात पुसले. राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, आला नाही. बाईंनी अहवाल भरला, माझी सही घेतली, स्वतःची केली आणि उठता उठता म्हणाल्या, "हेर पाटील, अजून एक संधी आहे. मंगळवारी."

तिसरा दोष कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मंगळवारी जाऊन शोधणार आहे.